अंगठ्याची खळी

"ही खळी रंधा मारून काढा," फिलोमिना म्हणाली. "चर्चमधल्या नव्या वादकाला द्यायचीय गिटार."

जिवंत लाकडाच्या गिटारी आल्यापासून वसईत गिटारी दुरुस्त करणाऱ्या बस्त्यावला हेच काम जास्त. वाजवणाऱ्याच्या हाताबरहुकूम दांडी वाढायची, मग दुसऱ्या कुणाच्या हाताला ती बसायची नाही. फिलोमिनाचा नवरा इनास जाऊन वर्ष झालं होतं, पण त्याच्या अंगठ्याची खळी दांडीवर तशीच होती.

रंधा टेकवणार तोच बस्त्यावचं बोट अडखळलं. जुन्या खळीशेजारी एक नवी, उथळ, हिरवट खळी उमटली होती.

"कोण वाजवतं ही?"

"कुणीच नाही. मी रोज सकाळी नुसतं पाणी घालते."

"तेव्हा धरता कशी? धरा बघू."

तिने गिटार कुशीत घेतली. तिचा अंगठा नव्या खळीत अलगद बसला.

"हिने आपलं माणूस निवडलंय," बस्त्याव खेकसला, "आणि तुम्ही मला रंधा मारायला सांगताय!"

फिलोमिनाने अंगठा तसाच ठेवून दुसऱ्या हाताचं बोट तारांवरून फिरवलं.

"तारा गंजल्यात," ती म्हणाली. "नव्या घाला. आणि पहिला सूर कुठे धरतात, तेवढं दाखवा."