भिंतीवरची टकटक

शेजारच्या काकूंच्या बिनपासवर्डच्या वायफायमुळे दूरदेशीच्या लेकीशी पोटभर बोलता येतं, म्हणून शिंपीणबाई हौसेने अभ्रे शिवून घेऊन गेल्या. नेट अडलं की मधल्या भिंतीवर टकटक करायची, लगेच सुरळीत! असा शेजार मिळायला भाग्य लागतं.

काकू चकित झाल्या. "अगं, आभार तर मी मानायचे! वायफाय तुझंच ना? मी टकटक केली की तूच नीट करतेस ना?"

"छे हो काकू, माझ्याकडे कुठलं वायफाय?"

दोघी त्या जेमतेम एका विटेच्या जाडीच्या भिंतीकडे बघत राहिल्या. पलीकडे शिंपीणबाईंचंच घर, आता कुलूपबंद; किल्ली त्यांच्याच मुठीत होती.

"कुणी का असेना, फार उपकार आहेत बाबा तुझे," काकू भिंतीला म्हणाल्या.

तेव्हा भिंतीतून टकटक झाली. अडलेल्या माणसाने करावी तशी.