थर्मोस्टॅटची जागा

ग्युरमेतच्या मुलानं जम्मूहून पाठवलेली जुनी जीप लेहच्या थंडीत तापतच नव्हती. तापमानाचा काटा पन्नासच्या पुढे सरकेना आणि हीटर गार वारा फेकत होता.

"नव्वदच्या आसपास हवं, मेमे-ले," मेकॅनिक अंगमो ग्युरमेत आजोबांना म्हणाली. "यात मांस ठेवा, उन्हाळ्यापर्यंत टिकेल."

"नावं ठेवू नकोस," म्हातारा ग्युरमेत म्हणाला. "हिवाळ्यात लोसारच्या सणाला याच गाडीनं घरी येतो म्हणायचा पोरगा दर वर्षी. ऐनवेळी काम निघायचं."

इंजिन नुकतंच सुरू झालं होतं, तरी रेडिएटरकडे जाणारा पाइप कोमट लागला. पाणी पुरेसं तापेपर्यंत थर्मोस्टॅटनं ते इंजिनातच अडवून धरायला हवं होतं. अंगमोनं झाकण उघडलं. आत थर्मोस्टॅट नव्हताच.

"खाली जम्मूत उन्हाळ्यात इंजिन उकळू नये म्हणून काढून टाकतात," ती म्हणाली. "पण ज्याला हिवाळ्यात इकडे यायचं असतं, तो नाही काढू देत."

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली.

"कधी काढला असेल?" ग्युरमेतनं विचारलं.

तिनं रिकाम्या खाचेतला गंज नखानं खरवडला. "चार-पाच वर्षं तरी झाली."

"म्हणजे त्याची आई जिवंत होती, रस्त्याकडे डोळे लावून बसायची, तेव्हाच." त्यानं कानटोपी खाली ओढली. "बरं झालं पोरी, तिला गाडीतलं काही कळत नव्हतं."