कोपराचं माप

सिंधूच्या पत्राला मी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. ‘दादा, आता मी एकटीच. तुझ्याकडे राहायला येऊ का?’ गुडघे दुखणाऱ्या बहिणीला जमिनीवर बसून रांधायच्या माझ्या स्वयंपाकघरात कसं बोलवावं, ते सुचलं नाही. ‘नको’ लिहायचाही धीर झाला नाही.

यंदा पेन्शनीत बसेल एवढं काम काढलं. जुन्या मोरीचाच कडप्पा उचलून उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा. यासीन मिस्त्रीनं टेप उघडला.

“काका, काकूंना बोलवा. करणारीच्या कोपराखाली चार बोटं ओटा बांधतो मी.”

“लग्न नाही केलं मी. ओटा बहिणीसाठी आहे. ती नगरला असते.”

“मग फोन लावा की त्यांना!”

“असलं काही मला फोनवर बोलता येत नाही.”

“मग लिहा. पण लवकर, सिमेंट आणून ठेवलंय.”

चार कागदांवर मी कोपराची उंची इंचात विचारली आणि चारही फाडले. पाचव्यावर लिहिलं, ‘सिंधू, ओट्यासाठी तुझ्या कोपराचं माप हवंय. ते द्यायला तूच ये. सामान घेऊनच ये.’

पत्र पेटीत पडल्याचा आवाज ऐकला, मगच घरी परतलो.