लेकीच्या दारावरची पाटी

"आज तिसरी पँट आली, आखूड करायला!" लेक कुरकुरली. पूर्वी इथे शिंपी बसायचा. आता तिची आर्ट गॅलरी होती, पण दारावर पाटीच नाही, मग लोकांनी तरी काय समजावं?

गावाच्या या मुख्य रस्त्यावर बेकरीपासून चष्मेवाल्यापर्यंत प्रत्येक पाटी तिच्या बाबांनी रंगवलेली. पलीकडच्या दोन गॅलऱ्यांचीसुद्धा. लेकीच्या पाटीला मात्र महिनाभर मुहूर्त लागेना. कधी हवा दमट, कधी ब्रश झडलेला, कधी शिडी शेजाऱ्याकडे.

गिऱ्हाईकाला पँटीसकट वाटेला लावून ती कंबरेवर हात ठेवून बाबांसमोर उभी राहिली. "माझी चित्रं तुम्हाला आवडली नाहीत, हे एकदाचं सांगून टाका ना."

"चित्रं? अगं, रोज फिरायला जाताना काचेला नाक लावून बघतो मी." बाबांनी हात खिशात घातले. "हात थरथरतो गं हल्ली. पाटी वाकडी झाली, तर रस्ताभर तुझंच हसं व्हायचं."

लेक हसत सुटली.

"वाकडीच रंगवा, बाबा. आर्ट गॅलरी आहे, लोक वाहवा करतील!"