मामांनी पास केलेलं दार

दार चौकटीत बसलं, पण मिटेना. त्याने ते आधी प्रेमाने ढकललं, मग खांद्याने ढकललं, मग हातोडीने समजावलं. दार जिथल्या तिथे.

नुकत्याच घेतलेल्या घरातली आतली सगळी दारं तो स्वतःच बदलणार होता. बायकोची हरकत नव्हती, तिच्या माहेरची होती. माहेरी त्याला ‘फळी’ म्हणत. एकदा उत्साहाच्या भरात त्याने सासऱ्यांच्या स्वयंपाकघरात एक फळी ठोकून दिली होती. ती रात्री जेवताना पडली. नेमकी सासऱ्यांच्या ताटात पडली. तेव्हापासून जावईबापू गेले आणि फळी आली.

“आज मामा येणारे काम बघायला,” ऑफिसला निघताना बायको म्हणाली होती. “तो बरं म्हणाला तर बाकीची दारं तूच बसव. नाहीतर उद्या सुतार. आणि मग माहेरी तुझं नवीन नाव काय पडेल, त्याला मी जबाबदार नाही.”

बेल वाजली. बाहेर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ उभे होते. मामांना त्याने लग्नात पाहिलं होतं. पण तिच्याकडच्या सगळ्याच पुरुषांना मिशा असल्यामुळे त्याने तेव्हा सरसकट नमस्कार करून टाकला होता.

“सकाळपासून तुम्हीच ठोकताय का?” गृहस्थांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं.

“हो! एकट्याने!” तो छाती फुगवून म्हणाला. “या ना मामा, आत या. तुमचीच वाट बघत होतो.”

मामा जरा गडबडले, पण आत आले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्यांची नजर दारावर गेली. तोंड तसंच उघडं राहिलं.

“हे काय आहे?”

“दार.”

“ते कळलं. बिजागऱ्यांच्या खाचा कशावरून आखल्यात?”

“जुनं दार नव्यावर ठेवून.”

“उलटं ठेवून,” मामा म्हणाले. “बनियन उलटा घातला तर खपून जातो हो. दार नाही खपत. काढा खाली.”

त्याने दार उतरवलं. मामा आधी खुर्चीत बसले. थोड्या वेळाने खुर्चीच्या टोकावर आले. चुकलेल्या खाचांत लाकडाच्या पट्ट्या चिकटवायची वेळ आली तेव्हा ते खुर्ची सोडून बाह्या सरसावून जमिनीवर बसले होते. रंधा तर त्यांनी त्याच्या हातातून काढूनच घेतला.

“अहो, लाकूड आहे ते, काकडी नाही. हलक्या हाताने. हं, असं. आता तुम्ही.”

मामांना एवढं येतं, हे बायको कधी बोलली नव्हती. कमालच आहे, त्याला वाटलं. फळीची बातमी सगळ्या खानदानात, आणि हा माणूस मात्र गुप्त!

काम रंगलं. भुशाने दोघांच्या भुवया पिवळ्या झाल्या. नव्या खाचा त्याने स्वतः पाडल्या, मामा नुसते “पुरे, पुरे” म्हणत राहिले. खाली पाचर सारून दोघांनी दार उचललं, स्क्रू आवळले. मग त्याने श्वास रोखून एका बोटाने दार ढकललं.

ते निमूट गेलं आणि टक् करून मिटलं.

त्याने ते उघडलं, पुन्हा मिटलं. मग मामांना मिटून बघावंसं वाटलं. मग परत त्याला. असा बराच वेळ आनंदात गेला.

“मामा, खरं सांगा. पास?”

“पास काय, पहिला नंबर. हात आहे तुम्हाला. वळण नव्हतं.”

“हे सगळ्यांना सांगाल?”

“म्हणाल त्याला सांगतो.”

इतकं हलकं त्याला लग्नानंतर पहिल्यांदाच वाटलं. त्याने दोघांसाठी चहा टाकला, भरपूर आलं घालून.

बायको आली तेव्हा मामा चहा पीत होते. तिने दार पाहिलं, मिटून पाहिलं, मामांकडे बघून अनोळखी माणसाला हसावं तसं हसली आणि नवऱ्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

“शेवटी सुतार बोलावलासच ना?”

“सुतार? अगं, ते तुझे मामा!”

“माझ्या मामाचा गुडघा धरलाय. तो घरातून हललेलाच नाही. दुपारीच फोन आला मला.”

दोघं हळूच बाहेर डोकावले. गृहस्थ कप ठेवून उठले होते आणि चपला शोधत होते.

“माफ करा,” त्याने घसा साफ केला, “पण मग आपण कोण?”

“मी? तुमच्या खालीच राहतो,” ते भुवया झटकत म्हणाले. “ठोकाठोकीवरून भांडायला आलो होतो, ते कामाच्या नादात राहूनच गेलं बघा. उद्या सकाळी लवकर येतो भांडायला, आणि रंधा माझा आणतो, तुमचा बोथट आहे.”