आजार तेवढा सांगा

“कायचा त्रास आहे, भाऊ?” योगाश्रमाच्या फाटकावरच्या म्हाताऱ्या सेवेकऱ्यानं विचारलं.

चंद्रभाननं पाटी आधीच वाचली होती. योगोपचारासाठी येणाऱ्यांची राहण्याजेवणाची सोय मोफत. वाटसरूंनी क्षमा करावी.

“दमा,” तो म्हणाला, आणि थोडा खोकलाही.

म्हाताऱ्यानं नाव विचारलं नाही, गावही नाही. आश्रमाची रीतच तशी होती. आत आलेला माणूस फक्त आजारानं ओळखला जाई. चंद्रभानला ते सोयीचं वाटलं.

तो सानगडीहून आला होता. सकाळी आठला अड्याळमध्ये मुलीच्या सोयरिकीची बैठक होती आणि सकाळची एसटी दहाच्या आत पोहोचत नव्हती. नवऱ्या मुलाच्या घरी आदल्या दिवशी उतरणं शोभलं नसतं. अड्याळात लॉज नव्हता, होता तो हा आश्रम. विमलाला चोविसावं सरत होतं. चार स्थळं तिच्या रंगावरून फिरली होती. हा शाळामास्तर ईश्वर मात्र तिला पाहून पसंती देऊन गेला होता. आता राहिलं होतं बापांचं बोलणं. त्या दोघांनी एकमेकांना पाहिलंही नव्हतं. ओळख होती ती मध्यस्थ सेवकरामाची.

म्हातारा अडुळशाचा काढा घेऊन आला. “घरात अजून कोनाले आहे?”

लबाडी पक्की व्हावी म्हणून चंद्रभान बोलून गेला, “लेकीले. लहानपनापासून.”

“लग्नाची आहे?”

“हो.”

म्हातारा आपली घोंगडी चंद्रभानच्या पायांवर टाकत म्हणाला, “लोक लपवतेत, भाऊ. तुम्ही अनोळखी मानसाले सांगून टाकलं.”

चंद्रभाननं मान खाली घालून काढा संपवला.

सकाळी त्याच म्हाताऱ्यानं तोटीच्या लोटीनं कोमट मिठाचं पाणी त्याच्या नाकपुडीत सोडलं आणि स्वतःच्या पंच्यानं त्याचं तोंड पुसलं. नंतर चंद्रभान रोग्यांच्या रांगेत प्राणायामाला बसला. शेजारच्या बाईचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. त्याची स्वतःची छाती भात्यासारखी भरत होती, आणि तीच त्याला चोरीची वाटू लागली. निघण्याआधी खरं सांगून टाकायचं त्यानं ठरवलं. पण म्हातारा तोवर घरी गेला होता.

आठला सेवकराम त्याला मुलाच्या घरी घेऊन गेला.

“हे तुलारामजी, मुलाचे वडील.”

ओसरीवर तोच म्हातारा उभा होता, आज धुतलेल्या धोतरात.

चंद्रभान अंगणातच थबकला. एका रात्रीच्या फुकट अंथरुणासाठी आपण पोरीचं स्थळ घालवलं, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. त्याला पाहताच तुलारामजी लगबगीनं आत गेले, थोड्या वेळानं परत येऊन खाली उतरले आणि त्याला गोठ्यामागं घेऊन गेले.

“मी काल खोटं बोललो,” चंद्रभान म्हणाला. त्याला वर पाहवत नव्हतं. “फुकट राहाले भेटते म्हनून. मले दमा नाही. पोरीले तर कधी साधा खोकला नाही.”

“आता घाबरून कायले लपवता, इवाई?” तुलारामजींनी व्याह्याचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. “लाज तर मले वाटून राहिली. आठ वर्षं झाली, माह्या इश्वरले दमा आहे, अन् तुम्हाले सांगाचा माहा इचार नव्हता. तुमची पोरगी त्याच्यासाठीच जन्मली. मी आत साऱ्याइले तिच्या दम्याचं सांगून, लग्न पक्कं करून आलो.”