येळ्ळूर स्टॉपसमोरची काच

"ह्यात माणूस कुठं हाय?" ज्योतिबानं मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग उलटा करून बघितला.

श्रियानं तो हळूच सरळ केला. "माणूस न्हायच त्यात, बाबा. जुन्या चपला हाईत. एका बाईनं चारशे चपला जमिनीवर मांडल्यात."

"आणि ती चित्रकार?"

"आजची लई मोठी."

"मग आपल्या देवळाच्या पायरीवर रोज प्रदर्शन असतंय म्हण की!"

श्रियाला हसू आलं नाही. बारावीचा निकाल लागला होता. चित्रकलेच्या कॉलेजचा अर्ज दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारपर्यंत द्यायचा होता आणि त्यावर सही ज्योतिबाची लागणार होती. ज्योतिबा बेळगावात एका बँकेत शिपाई. लेकीनं बी.कॉम. करावं, पंख्याखाली खुर्चीवर बसावं, एवढीच त्याची इच्छा. माणूस वाईट नव्हता हो, भ्यालेला होता.

श्रियाची वही मात्र अशा कलाकारांच्या टिपणांनी भरलेली. एकजण कागद जाळून उरलेल्या कडा चिकटवतो. एकीनं दहा वर्षं नुसती स्वतःची खिडकीच काढली. आधी श्रियालाही हे सगळे थेर वाटायचे. मग स्वतः पेन्सिल धरली आणि कळलं, आपण कंटाळून उठतो तिथून पुढं ही माणसं बघायला लागतात. शिकवणीचे सर म्हणायचे, "डोळा काढू नको, डोळ्याशेजारची सावली काढ." सहा महिने तिनं सावल्याच काढल्या होत्या.

शेवटी ज्योतिबानंच पैज मांडली. "एका माणसाचं चित्र काढ. बेळगावात आपल्या येळ्ळूरच्या बसस्टॉपसमोर फ्रेमवाल्याचं दुकान हाय, तिथं काचेत लाव. निम्मं गाव तिथं गाडीची वाट बघत उभं असतंय. पुढल्या आठवड्यात गुरुवार, शुक्रवार, शनिवार. एकानं जरी आपणहून मला सांगितलं की अमक्याला बघितलं, तर सही करतो. पण चित्र देऊन आलीस की तू तिकडं फिरकायचं न्हाय, मीबी जाणार न्हाय, तीन दिवस बँकेत सायकलनं जातो. कुणाला सांगायचंबी न्हाय."

श्रिया निपाणीला गेली, आत्याकडं. अक्काताई ज्योतिबाची थोरली बहीण. आई गेल्यावर श्रियाला पाच वर्षं तिनंच सांभाळलेलं. तंबाखूच्या वखारीत राबून बोटं पिवळी झालेली, पण येळ्ळूरची लेक म्हणून गावात अजून तिचा मान होता. वर्षातून एकदा जत्रेला आली की निम्मं गाव तिला भेटायला यायचं.

"पदर डोक्यावर घेऊ दे," अक्काताई म्हणाली. "आणि नीट समोरून काढ. भिंतीवर बरं दिसाय पायजे."

पाच दिवस श्रिया तिच्यासमोर बसली. आत्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक आहे हे इतक्या वर्षांत तिला दिसलंच नव्हतं. ते दिसलं आणि तिला भरून आलं. रंग तिनं लावलेच नाहीत. नुसती पेन्सिल.

फ्रेमवाला राघवेंद्र चित्राकडं बराच वेळ बघत राहिला. "कोण?"

"आत्या. निपाणीची. मला तिनंच वाढवलं."

"येळ्ळूरच्या अक्काताई ना? ओळखतो की." त्यानं चष्मा काढून पुसला. "तू काळजी करू नको, बाळ. सगळं मी नीट करतो. आजच पुढं काचेत लावतो. तू चहा घे."

कला कळणारा पहिला माणूस भेटला म्हणून श्रिया घरी येईपर्यंत हवेत होती.

गुरुवार गेला. कोणी काही बोललं नाही. डेअरीवर नागुबाईनं श्रियाच्या गालावरून हात फिरवला आणि गुमान दूध मोजून घेतलं. शुक्रवारी भावकीतल्या भरमूनं ज्योतिबाला वाटेत अडवलं. "आजबी बँकेत?"

"मग? पगार कोण देणार, तू?"

भरमू मान हलवत निघून गेला. शनिवारी तर पारावरची माणसं ज्योतिबाला बघून बोलायचीच थांबली. श्रियाला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. आपली अक्काताई कुणालाच ओळखू येऊ नये? सहा महिन्यांच्या सावल्या पाण्यात गेल्या म्हणायच्या.

संध्याकाळी अक्काताईच आली. मुलानं निपाणीहून गाडीनं थेट दारात सोडली. भाचीला उचलून घ्यायचं वय राहिलं नव्हतं, म्हणून तिनं नुसतं छातीशी धरलं.

रविवारी सकाळी ज्योतिबानं विषय काढला. आवाज मऊ होता. जिंकून त्यालाही बरं वाटत नव्हतं. "तीन दिवस झाले पोरी. एकानं तोंड उघडलं न्हाय. बी.कॉम.चा अर्ज भरूया?"

श्रियानं मान हलवली. अक्काताई मागं न्हाणीत होती, तिला यातलं काही ऐकू गेलं नाही.

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. पुढं नागुबाई, डोक्यावर भाकऱ्यांची बुट्टी. मागं पिठल्याचं पातेलं घेतलेल्या, पदर तोंडाला लावलेल्या पंधरा-वीस बायका. त्यांच्यामागं खाली मान घातलेले गडी. नागुबाईनं बुट्टी उंबऱ्याशी ठेवली आणि हंबरडा फोडला, "अक्काताईऽ! न सांगता गेलीस गं बाई!"

भरमू पुढं आला. हातातल्या फ्रेमवरचं धडपं त्यानं काढलं. काचेआडून अक्काताई नीट समोर बघत होती. कपाळाला गंध, फ्रेमला चंदनाचा हार.

"तीन दिवस अख्खा स्टॉप हात जोडतोय," भरमू म्हणाला. "आणि तू सख्खा भाऊ असून बँकेत जातोस, ज्योतिबा?"

ज्योतिबानं हाराकडं बघितलं, चित्राकडं बघितलं, मग लेकीकडं बघितलं.

"अर्ज आण," तो म्हणाला. "चित्रकलेचा."

आणि ओल्या केसांना पंचा गुंडाळत अक्काताई बाहेर आली, दारातली गर्दी बघून "आगं बया, कोण गेलं गं?" म्हणाली, आणि नागुबाईच्या गळ्यात पडून रडायला लागली.